गाडवाटेची साक्ष

दिवाळी झाली आणि माझ्या चुलत दिरानं त्याच्या शेताला तारेचं कुंपण घातलं. कुंपणाला आमची हरकत नव्हती. रानडुकरांनी सगळ्यांनाच भंडावून सोडलं होतं. पण त्या तारेच्या आत त्यानं आमच्या शेताकडं जाणारी गाडवाटही घेतली. वाटेच्या जागेवर केळीची रोपं लागली. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट ठेवली आणि आमच्या मालकांना निरोप पाठवला, "पायवाट दिली हाय. आनखी काय पाहिजे?"

रस्त्याला लागून दिराचं शेत, त्याच्या मागं आमचं, आणि आमच्या मागं ओढा. त्यामुळं जायला दुसरीकडून वाट नाही. शेतात आमची हळद उभी होती, कितीतरी वर्षांनी लावलेली; मधली वर्षं सोयाबीनच घेतलं आणि गाडी बंद होती. सोयाबीन एखाद्या वेळी डोक्यावर आणता येईल, हळद येत नाही. ती काढली की शिजवायचा कुकर शेतात न्यावा लागतो, तो ट्रॅक्टरला जोडून येतो. शिजवून वाळवली की पोती ट्रॉलीत घालून आणावी लागतात. त्या फटीतून यातलं काहीच जाणार नव्हतं. शिमग्याच्या आत वाट मोकळी झाली नाही तर वर्षाचं पीक जमिनीत सडणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं होतं.

मालक रागीट आहेत. पहिल्या दिवशी म्हणाले, "ताराच तोडतो." मी पक्कड उचलून ज्वारीच्या कणगीत टाकली. त्यांनी घरभर शोधली, शेजाऱ्याला विचारली, लेकराला रागावले. मी चुलीपुढून उठले नाही. दोन दिवसांनी राग थोडा उतरला, तेव्हा म्हणाले, "मंग दावा लावतो. कोर्टात खेचतो त्याला."

सातबाऱ्यावर मालकांच्या नावाबरोबर माझंही नाव लागलेलं आहे. म्हणून वकिलाकडं मलाही जावं लागलं. मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, हळूहळू लिहिताही येतं, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागं सरते. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी एवढी रडले होते की करवल्यांनी मला तसंच आत सोडलं होतं. त्यामुळं एस.टी.त बसतानाच मी ठरवलं होतं, पदर पुढं ओढून बसायचं आणि मालक बोलतील ते ऐकायचं.

वकील म्हातारे होते. टेबलावर चहाचे रिकामे कप आणि कागदांचे गठ्ठे. त्यांनी मालकांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला वाट पाहिजे, का त्याची जिरवायची आहे?"

"दोनी," मालक म्हणाले.

"नुसती जिरवायची असेल तर दुसरा वकील बघा. माझं वय झालं. वाट पाहिजे असेल तर बसा."

मालक बसले.

"तारा तोडल्या का तुम्ही?"

"न्हाई."

"काहून? माणूस तर रागीट दिसता."

"पक्कड गावली न्हाई," मालक म्हणाले.

वकील हसले आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ज्यानं कोणी पक्कड लपवली, त्यानं तुमची निम्मी केस वाचवली. तार तोडली असती तर आज तुम्ही इथं नसता, ठाण्यात असता. मग वाटेचं राहिलं बाजूला, आधी स्वतःला सोडवत बसला असता." मी मान वर केली नाही, पण मालकांचा चेहरा माझ्याकडं वळलेला मला पदराआडूनही दिसला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शेताची वाट अडवली तर थेट दिवाणी दावाच लावला पाहिजे असं नाही. आधी तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रुसून घरी बसलं की ते दार बंद होतं. दिवाणी कोर्टाचं दार त्यानंतरही उघडं असतं, पण आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. समोरचं कपाट दाखवून म्हणाले, "यात असे दावे आहेत की लावले तेव्हा पोरगं पाळण्यात होतं, आता ते स्वतः तारखेला येतं."

"आमची हळद तवर थांबत न्हाई," मालक म्हणाले.

"हळद थांबत नाही आणि कोर्ट पळत नाही. म्हणून आधी विचार करायचा. साक्षीदार कोण तुमचे?"

याची तयारी मालकांनी केली होती. त्यांनी माजी सरपंचांचं नाव सांगितलं, सोसायटीच्या चेअरमनचं सांगितलं, रिटायर झालेल्या गुरुजींचं सांगितलं. गावातली सगळी मोठी माणसं.

"यातलं त्या वाटेनं गाडी घेऊन कोण गेलं आहे?"

मालक बोटांवर नावं पुन्हा मोजायला लागले.

"गुरुजींनी बैलाला कधी हात तरी लावला का?"

"पन सायेब, त्यांच्या शब्दाला गावात वजन हाय."

"असू दे. समोरचा वकील त्यांना एकच विचारणार, तुम्ही पाहिलं का? ते म्हणतील, ऐकलं. झालं, उतरा खाली." त्यांनी कागद पुढं ओढला. "पायवाट तो कबूल करतोच आहे. भांडण गाडीचं आहे. गाडी जात होती हे डोळ्यांनी पाहिलेलं, नाहीतर स्वतः हाकलेलं माणूस पाहिजे. बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं आणि थांबले. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही शेजारचं कोणीतरी ते सांगून टाकतं. मालकांनी सवयीनं पुढचं सांगितलं.

वकिलांनी लिहिलं नाही. म्हणाले, "दाव्यात तुम्हीही वादी. समोरचा वकील उलट विचारायला लागला की हे मागून सांगू शकणार नाहीत. तिथं तुम्हालाच उभं राहावं लागेल, नावापासून. राहाल का?"

मी पदर आणखी पुढं ओढला.

"घरी जा," ते म्हणाले. "तारखांना कोण येईल आणि त्या दिवशी शेत कोण बघेल, ते बोला. खरं सांगणारं माणूस शोधा. आणि हेही बघा, की निकाल कसाही लागला तरी त्याच्याच धुऱ्याला धुरा लावून राहायचं आहे. एवढं करून या, मग मी लिहायला घेतो."

एस.टी.त मालक धुसफुसत होते. "ह्यो वकील हाय का देवरशी? आमी इचारायला गेलो अन् ह्यानंच आमाला इचारलं." मी खिडकीतून बाहेर पाहत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ती गाडी कोणी हाकली होती?

माझे सासरे आणि चुलत सासरे, दोघंही नाहीत. त्यांच्या वेळचे गडी कोणी वारले, कोणी पुण्याकडं लेकांजवळ गेले. मी सून होऊन आले तेव्हा गाडी येत-जात होती, पण माझं सांगणं म्हणजे घरचंच सांगणं. मालकांनी आणखी दोन पुरुषांची नावं काढली. एकानं सांगितलं, मला भानगडीत घेऊ नका. दुसऱ्याला वाट कुठली तेच आठवेना.

कापसाची शेवटची वेचणी चालली होती. मी बायांबरोबर जात होते. दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "आमच्या वाटंनं गाडी जाताना कोनी पाह्यली का?"

मी आपण होऊन काही विचारलं याचंच सगळ्यांना नवल वाटलं. एक जण म्हणाली, "बाई बोलली गं! आता पाऊस पडतोय का काय हिवाळ्यात."

मी वाट कशी अडली ते सांगितलं. कोर्टात उभं राहावं लागेल हेही सांगितलं. आणि नावाचंही.

"म्हंजी नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं?" एक तरणी सून म्हणाली. "अन् समोर सासरा बसला आसंल तर?"

"तर उखाना घे जज सायबापुढं. शिपाई टाळ्या वाजवील."

"माजा तर मरून गेला," आमच्यातली सगळ्यात मोठी बाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "तरी घेतलं न्हाई मी. आता घेतलं तर वरून म्हनंल, जित्तेपनी काहून न्हाई घेतलं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तीच बाई मला म्हणाली, "आमी त्या वाटंनं डोईवर वझं नेलं. आमाला इतभर वाट पुरती. आमच्या साक्षीनं तुला पायवाटच मिळंल. गाडी हाकनारीला इचार की."

"हाकनारी?"

"तुला ठाव न्हाई? तुजी चुलत सासू. नवरा अंथरुनाला खिळला तवा दोन साल तिनंच गाडी हाकली. त्याच वाटंनं हळद आनली, तुमचीबी आन् तिचीबी. गावानं काय काय नावं ठेवली तिला! बाई आसून बैल जुपती म्हनून. ती कासरा धरून पुढं बघायची, कुनाकडं पाह्यची न्हाई."

आम्ही गावभर पुरुष शोधत फिरत होतो, आणि गाडी हाकणारं माणूस ज्यानं वाट अडवली त्याच्याच घरात बसलं होतं.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "येडी झाली का? गाडी हाकली ते मलाबी ठाव हाय, पन आई लेकाच्या उलटं बोलंल का?" पण थोड्या वेळानं म्हणाले, "मी गेलो तर भांडान हुईल. तुला जायाचं तर जा."

दीर शेतात असतो अशा वेळी मी गेले. चुलत सासूबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, त्यांनाही मी आत्याबाईच म्हणते. कुंपण पडल्यापासून मी त्या घराची पायरी चढले नव्हते. मी पाया पडले. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"कोनी पाठवलं? त्यानं?"

"कोनी न्हाई. मीच आले."

"तू? तू तर देवळात परसाद मागताना सुदा मागं उभी ऱ्हातीस."

मी खाली बसले आणि काय बोलायचं ते ठरवून गेले होते तेवढं बोलले. "आत्याबाई, आमी अर्ज करनार हाव. गाडी कोनी हाकली म्हनून सायेब इचारतील. तुमी हाकली म्हनं. तुमचं नाव द्यावं का, एवढंच इचारायला आले. तुमी न्हाई म्हनलं तर देनार न्हाई. तुमाला न इचारता देऊन तुमच्या लेकापुढं तुमाला उभं करनं बराबर न्हाई."

त्यांचं पाखडणं थांबलं. "अन् न्हाई म्हनले तर हळद?"

"काय व्हईल ते व्हईल."

"माज्या लेकाच्या उलटं सांगायचं मी?"

"उलटं न्हाई. गाडी जात हुती का न्हाई, एवढंच."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग डाळीतला खडा काढून फेकला आणि म्हणाल्या, "वाटनी झाली तवा दोगं भाऊ त्या धुऱ्यावर उभे हुते. ह्यांनी सोता गाडी आडवी लावली अन् म्हनले, हिच्या चाकाच्या भाईर दोन हात सोडतो. आता ह्यांचंच नाव मी सायबापुढं घ्यायचं?"

"घ्यावं लागंल."

"जा तू," त्या म्हणाल्या. "लेकरू यायची येळ झाली." लेकरू म्हणजे माझा दीर, ज्याच्या डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेत.

हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. घरी येऊन मालकांना मी तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, मग अर्जात त्यांचं नाव लिहायचं का? मी म्हणाले, "न्हाई. त्यांनी व्हय म्हनल्याबिगर न्हाई." एकच खरा साक्षीदार, आणि मी त्याचं नाव सोडायला सांगत होते. मालकांनी माझ्याकडं पाहिलं आणि नाव लिहायला लावलं नाही. त्या दिवशी ते माझ्यावर रागावले असते तर मला काही म्हणता आलं नसतं. ते रागावले नाहीत, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

वकिलांनी दिवाणी दाव्याचा कागद बाजूला ठेवला आणि तहसीलचा अर्ज करून दिला. गावच्या नकाशाची नक्कल आणि कुंपणाचे फोटो जोडले. दिराला नोटीस गेली. मग वाटेची पाहणी करायला मंडळ अधिकारी आणि तलाठी येणार असं कळलं.

तो दिवस उजाडला तेव्हा हळदीचा पाला पिवळा पडून जमिनीला टेकला होता. आणखी थांबायला जागा नव्हती. कुंपणापाशी गावातली माणसं जमली. दीर केळीच्या बाजूला हाताची घडी घालून उभा. कापूस वेचणाऱ्या बायाही आल्या होत्या, सगळ्यांत पुढं ती मोठी बाई. त्यांना बोलावलं कोणी नव्हतं. मला त्यांना पाहून जरा बळ आलं.

साहेबांनी विचारलं, "अर्जदार?" मालक पुढं झाले. "आणि दुसऱ्या अर्जदार? पूर्ण नाव सांगा."

मालकांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्या आधी बोलले. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. माझाच आवाज मला ओळखू आला नाही, पण तलाठ्यानं पुन्हा विचारलं नाही, म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. मागून बायांचं खुसुखुसु हसणं आलं. मालक दुसरीकडं पाहायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

साहेबांनी दिराला विचारलं. तो म्हणाला, "पायवाट हुती, ती मी सोडली हाय. गाडवाट कवाच नव्हती. कोनी हाकली गाडी? माणूस दाखवा."

मी जमिनीकडं पाहत होते. मालकांनीही काही सांगितलं नाही. तेवढ्यात बायांची रांग सरकली आणि आत्याबाई पुढं आल्या. लेकाच्या घरून एकट्या, काठी टेकत, एवढं अंतर चालून.

"मी हाकली," त्या म्हणाल्या.

"आई, तू काहून आली? घरी जा," दीर म्हणाला.

"तू माणूस दाखवा म्हनला ना? मी माणूस न्हाई का?"

साहेबांनी त्यांना सावलीत बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. "नाव काय आजी?"

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग थांबल्या. सगळे थांबले. तलाठी मदत करावी म्हणून म्हणाला, "पतीचं मी लिहितो, माहीत आहे मला." आत्याबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. पदर डोक्यावर नीट घेतला आणि चुलत सासऱ्यांचं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यामागं "राव" लावून.

माझ्या दिरानं आईच्या तोंडून बापाचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असणार. त्याची हाताची घडी सुटली.

आत्याबाई बोलत राहिल्या. वाटणीच्या दिवशी गाडी कुठं आडवी लावली, दोन हात कसे सोडले, नवरा आजारी असताना कुठल्या बैलजोडीनं हळद नेली, कुठल्या वळणावर चाक रुतायचं. काठीनं ती जागा दाखवली. तिथं आता केळीचं रोप होतं. "ह्यांनी सोडलेली वाट हाय. मी जिती असताना तिला नव्हती म्हनू नको," त्या लेकाला म्हणाल्या. रागानं नाही, जेवायला बस म्हणावं तसं.

दीर साहेबांकडं वळला. "लिहू नका सायेब. मी मोकळी करतो."

"लिहावं तर लागेलच," साहेब म्हणाले. "आज मोकळी करशील, उद्या तुझा पोरगा पुन्हा तार लावील. दोघांनी राजीखुशीनं सह्या करा, नोंद होऊ द्या."

दोघांनी सह्या केल्या. मीही केली. दुसऱ्या दिवशी दिरानं वाटेवरची रोपं काढली आणि स्वतःच खांब उपटून मागं घेतले. आमच्या मालकांनी न सांगता पहार घेतली आणि त्याला दोन खांब रोवायला हात दिला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एक खांब धरत होता आणि दुसरा माती लोटत होता.

दिवाणी दाव्याचा कागद वकिलांच्या कपाटात गेलाच नाही. मी कोर्टाची पायरी चढले नाही, तरी मला कोणी विचारलं तर मी सांगेन की दावा लावण्याआधीचं सगळं काम मी केलं आहे. पक्कड लपवण्यापासून साक्षीदाराला विचारण्यापर्यंत. चौथी शिकलेल्या बाईनं असं म्हणू नये असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. मी हे माझ्यासाठीच लिहिते आहे.

हळद निघाली. कुकर शेतात गेला, शिजलेली हळद वाळली, आणि एका सकाळी पोत्यांनी भरलेली ट्रॉली आमच्या शेतातून निघाली. मी मागून चालत होते. वळणावर ट्रॉली कलली आणि एक पोतं वाटेकडेला उरलेल्या केळीच्या झाडाला घासलं. झाड वाकलं. मालक म्हणाले, "राहू दे, उशीर व्हतोय." मी थांबले, धुऱ्यावरची काठी रोवली आणि झाड सुतळीनं तिला नीट बांधलं. पलीकडून दीर पाण्याचा पाइप ओढत येत होता. त्यानं पाहिलं.

"वयनी," तो म्हणाला, "गाठ जरा ढिली ठेवा. झाड वाढतंय."

मी गाठ सोडून पुन्हा ढिली बांधली आणि ट्रॉलीच्या मागं चालायला लागले.